शेवंतीची नवी जात : घडते कशी, ठरते कशी?

ठाणे, प्रतिनिधी

मार्गशीर्षातील गुरुवारच्या आदल्या दिवशी कल्याण कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फूलबाजारात पहाटेपासूनच शेवंतीचे ढीग लागलेले असतात. ठाण्यातील जांभळी नाक्यावर आणि डोंबिवली स्थानकाबाहेरच्या टोपल्यांत हीच शेवंती सकाळपर्यंत येऊन पोहोचते. तिच्या वेण्या होतात, हार होतात आणि दुसऱ्या दिवशी ती महालक्ष्मीच्या घटापुढे वाहिली जाते. या ढिगांना नावे आहेत. झिपरी, राजा, रेवडी, सोनाली तारा, रतलाम. कुठले नाव फुलाच्या रूपावरून पडलेले, तर ‘रतलाम’सारखे एखादे थेट गावावरून. अशी नावे विक्रेत्याला भाव ठरवायला पुरतात. त्या फुलाला नवी जात म्हणून मान्यता मिळायला मात्र ती पुरत नाहीत.

शेवंतीची नवी जात तयार करणे हे एक काम आणि ती खरोखर नवी आहे हे सिद्ध करणे हे दुसरे. पहिले काम एखाद्या वेळी निसर्ग फुकट करून देतो. दुसरे माणसालाच करावे लागते, तेही फूटपट्टी, रंगतक्ता आणि नोंदवही घेऊन. ते वेळेवर झाले नाही, तर जात बाजारात पसरते, पण तिच्यामागच्या माणसाचे नाव आणि हक्क मागेच राहतात. ठाणे-कल्याण-डोंबिवली पट्ट्यात गच्चीवर आणि सज्जात शेवंती लावणाऱ्यांची संख्या मोठी आहे. त्यांच्यापैकी कुणाच्याही कुंडीत उद्या वेगळ्या रंगाची फांदी दिसू शकते. त्यामुळे ही दोन्ही कामे कशी चालतात हे समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

एक फूल नव्हे, फुलांचा मेळा

ज्याला आपण शेवंतीचे एक फूल म्हणतो, तो प्रत्यक्षात शेकडो लहान फुलांचा गुच्छ असतो. वनस्पतिशास्त्रात त्याला स्तबक म्हणतात. कडेला पाकळ्यांसारखी दिसणारी ती किरणपुष्पके आणि मध्यभागी नळीसारखी बारीक असतात ती बिंबपुष्पके. किरणपुष्पके केवळ मादी असतात. बिंबपुष्पकांत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही असतात. एकेरी शेवंतीत मधली पिवळी चकती उघडी दिसते. गच्च भरलेल्या दुहेरी शेवंतीत ती किरणपुष्पकांच्या गर्दीत झाकली जाते आणि परागही फारच थोडा मिळतो.

या रचनेवरच शेवंतीचे प्रकार ठरतात. पाकळ्या आत वळलेल्या, बाहेर वळलेल्या, चमच्यासारख्या टोकाच्या, पिसाच्या दांड्यासारख्या नळीच्या, कोळ्याच्या पायांसारख्या लांब आणि वाकड्या, पाँपॉनसारख्या गोल, बटणासारख्या छोट्या. अमेरिकेतील नॅशनल क्रिसॅन्थेमम सोसायटीने असे १३ वर्ग मानले आहेत. नव्या जातीच्या वर्णनातील पहिला प्रश्न हाच असतो, की हे स्तबक कोणत्या वर्गात बसते.

शास्त्रीय नावाचाही एक इतिहास आहे. लिनियसने १७५३ मध्ये क्रिसॅन्थेमम ही प्रजाती नोंदवली. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सोनेरी फूल. बागेतील शेवंतीला क्रिसॅन्थेमम मोरिफोलियम हे नाव १७९२ मध्ये मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिला डेंड्रँथेमा या वेगळ्या प्रजातीत टाकण्यात आले आणि अनेक रोपवाटिकांनी पाट्या बदलल्या. पुढे आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेने १९९९ मध्ये क्रिसॅन्थेमम हेच नाव बागेतल्या शेवंतीसाठी राखले. त्यामुळे जुन्या संशोधन निबंधांत डेंड्रँथेमा असे दिसले, तरी फूल तेच असते.

बियाणे आईसारखे होत नाही

शेवंतीचा उगम चीनमध्ये झाला आणि तिथून ती जपानला गेली. जपानच्या राजघराण्याने तिला आपले चिन्ह मानले. शेकडो वर्षे वेगवेगळ्या रानटी जातींचे रक्त मिसळत गेल्याने आजच्या शेवंतीची आनुवंशिक घडण विलक्षण गुंतागुंतीची आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांचे दोन संच असतात. बागेतल्या बहुतेक शेवंतीत ९ गुणसूत्रांचे ६ संच, म्हणजे साधारण ५४ गुणसूत्रे असतात. त्यातच शेवंतीची बहुतेक झाडे स्वतःच्या परागाने बी धरत नाहीत, त्यांना दुसऱ्या जातीचा पराग लागतो.

याचा परिणाम असा, की शेवंतीचे बी पेरले तर येणारे एकही रोप हुबेहूब आईसारखे नसते. म्हणूनच शेतकरी बी पेरत नाही. तो जुन्या झाडाच्या बुंध्याशी फुटणाऱ्या काश्या लावतो किंवा शेंड्याचे छाट रुजवतो. एखाद्या जातीची हजारो झाडे ही खरे तर एकाच मूळ झाडाचे तुकडे असतात. जात टिकते ती अशी. अडचण एवढीच, की वर्षानुवर्षे तुकड्यांतून वाढवताना विषाणू आणि त्यांच्याहून लहान असे व्हायरॉइडही पुढच्या पिढीत जातात. झाड खुरटते, फूल लहान होते. नव्या जातींची गरज केवळ नवलाईपोटी निर्माण होत नाही, त्याचे हे एक कारण.

पहिला मार्ग : संकर

नवी जात मिळवण्याचा सर्वांत जुना मार्ग संकराचा. ज्या झाडावर बी धरायचे, त्याचे फूल अर्धे उमलले की पैदासकार लहान कात्रीने किरणपुष्पके आखूड कापतो. आत दडलेली कुक्षी त्यामुळे उघडी पडते. किरणपुष्पकांत पुंकेसर नसल्याने ते काढून टाकण्याचा खटाटोप वाचतो. मग दुसऱ्या जातीच्या बिंबपुष्पकांतील पराग मऊ कुंचल्याने त्यावर लावला जातो. सगळी पुष्पके एकाच दिवशी उमलत नाहीत, म्हणून हे काम सलग काही दिवस करावे लागते. कीटकांनी तिसराच पराग आणू नये यासाठी स्तबकावर कागदी पिशवी बांधतात आणि देठाला दोन्ही पालकांची नावे व तारीख लिहिलेली चिठ्ठी अडकवतात. ही चिठ्ठी हरवली, तर पुढच्या वर्णनातील ‘वंशावळ’ हा रकाना कोरा राहतो.

बी पिकायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. कोरडी हवा या काळात मोलाची असते. ठाणे परिसरात डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ त्या दृष्टीने अनुकूल आहे. वसंतात पेरलेले बी त्याच वर्षाच्या अखेरीस फुलावर येते. शेकडो रोपांतून एखाद-दुसरेच पुढच्या वर्षासाठी ठेवण्याजोगे निघते, बाकीची उपटून टाकावी लागतात. पैदासकाराच्या कौशल्याइतकाच त्याच्या निष्ठुरपणाचाही इथे कस लागतो.

दिवसाची लांबी आणि रस्त्यावरचा दिवा

संकरासाठी दोन्ही पालक एकाच वेळी फुलावर असावे लागतात आणि शेवंतीचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. वनस्पती दिवस-रात्रीची लांबी ओळखतात, हे अमेरिकेतील गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी १९२० मध्ये दाखवून दिले. शेवंती ही लहान दिवसाची वनस्पती आहे. रात्र पुरेशी मोठी आणि अखंड अंधाराची झाली, की ती पाने वाढवणे थांबवून कळ्या धरते. रात्रीची नेमकी मर्यादा जातीगणिक बदलते. लहान दिवस सुरू झाल्यापासून फूल येईपर्यंत किती आठवडे लागतात, यावरून जातींचे ६ ते १५ आठवड्यांचे गट पाडले जातात.

ठाण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान सुमारे ११ तासांचा असतो. युरोपच्या तुलनेत हा फरक फारच थोडा. त्यामुळे तिकडच्या लांब उन्हाळी दिवसांत तयार झालेली जात इथे आणली, तर पुरेशी उंची गाठण्याआधीच ती कळ्या धरण्याची शक्यता असते. हरितगृहात हे टाळण्यासाठी मध्यरात्री दिवे लावून रात्र मोडतात. उलट फूल लवकर हवे असेल, तर संध्याकाळीच काळे कापड ओढतात. संकरासाठी एका पालकाला थांबवायचे असेल, तर हीच युक्ती वापरली जाते.

शहरातील हौशी बागकाम करणाऱ्यांना याचा उलटा अनुभव नकळत येत असतो. सज्जातील शेवंती तरारून वाढते, पण डिसेंबर उजाडला तरी कळी धरत नाही. खताला आणि मातीला दोष दिला जातो. बऱ्याचदा दोष असतो तो समोरच्या रस्त्यावरील दिव्याचा. रात्रभर पडणाऱ्या त्या उजेडात झाडाला रात्र झाल्याचे कळतच नाही. कुंडी काळोख्या बाजूला सरकवली, की काही आठवड्यांत कळ्या दिसू लागतात.

दुसरा मार्ग : फांदीचा लहरीपणा

कधी कधी पांढऱ्या शेवंतीच्या झाडावर एकाच फांदीला पिवळी फुले येतात. याला पैदासकार ‘स्पोर्ट’ म्हणतात, शास्त्रीय भाषेत कलिका-उत्परिवर्तन. वाढत्या शेंड्यातील एखाद्या पेशीच्या आनुवंशिक द्रव्यात बदल होतो, ती पेशी वाढत जाते आणि तिच्यापासून झालेली फांदी वेगळी निघते. जगातील शेवंतीच्या असंख्य व्यापारी जाती अशा एखाद्या फांदीतून आल्या आहेत.

पांढऱ्यातून पिवळा रंगच वारंवार का निघतो, याचे उत्तर जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दिले. पांढऱ्या शेवंतीच्या पाकळीतही पिवळे कॅरोटिनॉइड रंगद्रव्य तयार होत असते. मात्र एक विकर ते तिथल्या तिथे मोडून टाकते. ते विकर बनवणारे जनुक एखाद्या पेशीतून गळाले, की दडलेला पिवळा रंग उघड होतो. फांदी नवा रंग शिकलेली नसते, जुना रंग पुसायचे विसरलेली असते.

अडचण अशी, की बदल शेंड्याच्या सगळ्या थरांत होतोच असे नाही. अनेकदा अर्धी पाकळी पिवळी आणि अर्धी पांढरी दिसते. अशा मिश्र फांदीपासून केलेल्या छाटातून पुढच्या वर्षी पुन्हा पांढरेच फूल येऊ शकते. शुद्ध बदल वेगळा काढण्यासाठी पिढ्यान् पिढ्या निवड करावी लागते. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी यावर वेगळा उपाय केला. बदललेल्या रंगाची किरणपुष्पकेच ऊतिसंवर्धनाच्या बाटलीत वाढवून त्यांनी त्यापासून पूर्ण झाडे तयार केली.

तिसरा मार्ग : गॅमा किरण

निसर्गाची वाट न पाहता हाच बदल किरणोत्साराने घडवता येतो. रुजलेल्या छाटांना गॅमा किरणांची मोजून मात्रा दिली जाते. शेवंतीसाठी ती साधारण १५ ते २५ ग्रे इतकी असते. मात्रा कमी पडली तर बदल होत नाही, वाढली तर झाड मरते. मुंबईकरांना हे तंत्र नावाने तरी परिचित आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने याच पद्धतीने भुईमूग आणि कडधान्यांच्या जाती दिल्या आणि त्या महाराष्ट्राच्या शेतात पोहोचल्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा अनमोल’ ही शेवंती ‘अजय’ या जातीवर गॅमा किरणांचा मारा करून मिळाली, तर ‘पुसा सेंटेनरी’ ही ‘थाई चेन क्वीन’ या जातीपासून. ‘पुसा अनमोल’ दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा करत नाही आणि वर्षातून एकापेक्षा अधिक वेळा फुलते, हे तिचे वैशिष्ट्य.

एक रंग मात्र संकर, स्पोर्ट आणि गॅमा किरण या तिन्ही मार्गांनी हाती लागला नाही. तो निळा. जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जनुकीय बदल करून खरी निळी शेवंती तयार केल्याचे जाहीर केले. त्यासाठी दोन वनस्पतींची जनुके वापरली. एक युरोपातील कॅम्पॅन्युला आणि दुसरी आपल्या कुंपणावर फुलणारी गोकर्ण. इथल्या दुकानात निळी शेवंती दिसली, तर ती रंगाच्या पाण्यात ठेवलेली पांढरी शेवंती असते, एवढे लक्षात ठेवावे.

देशातील काम

भारतात शेवंतीच्या पैदाशीचे मोठे केंद्र लखनौ. तिथले राष्ट्रीय वनस्पती उद्यान १९५३ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था झाले. शेंडा खुडावा लागू नये आणि काठीचा आधार द्यावा लागू नये, अशा आटोपशीर जाती हे या संस्थेचे लक्षणीय योगदान. ‘हेमंत सिंगार’, ‘शरद सिंगार’, ‘सुहाग सिंगार’, ‘अरुण सिंगार’ ही त्यांतील काही नावे. सज्जातील कुंडीसाठी असा आटोपशीरपणा फार सोयीचा. बंगळुरूची भारतीय फलोद्यान संशोधन संस्था आणि लुधियानाचे पंजाब कृषी विद्यापीठ यांनीही जाती दिल्या आहेत.

महाराष्ट्रात शेवंती पिकते ती प्रामुख्याने पुणे, अहिल्यानगर, सातारा, सांगली, सोलापूर, नाशिक या जिल्ह्यांत. भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय २००९ मध्ये दिल्लीत स्थापन झाले आणि नंतर पुण्यात आले. त्यामुळे राष्ट्रीय पातळीवरील फूल संशोधनाचे केंद्र राज्यातच आहे. ठाणे जिल्हा या साखळीत उत्पादक म्हणून मागे आहे. मुसळधार पावसात शेवंतीची मुळे कुजतात, दमट हवेत पानांवर ठिपके पडतात. मात्र या फुलांचा ग्राहक याच पट्ट्यात आहे आणि पैदासकाराला ग्राहकाची नाडी ओळखावी लागते. वेणी-हारासाठी देठाविना सुटे, वजनदार, टिकाऊ फूल लागते. फुलदाणीसाठी लांब ताठ देठ लागतो. कुंडीसाठी बुटके, गोल झाड लागते. तिन्ही गुण एकाच झाडात सहसा मिळत नाहीत. आपण कोणासाठी जात काढतो आहोत, हे आधीच ठरवावे लागते.

वर्णन : ‘हळदी’ म्हणजे नेमकी कोणती?

एखादे रोप तीन-चार हंगाम टिकले, छाटांतून तसेच येत राहिले, तर ते जात होण्यास पात्र ठरते. इथून दुसरे काम सुरू होते. जगभर मान्य झालेले निकष तीन. जात इतर सर्व ज्ञात जातींपेक्षा किमान एका ठळक लक्षणात वेगळी हवी. तिची सगळी झाडे एकमेकांसारखी हवीत. आणि पुन्हा पुन्हा वाढवूनही तिची लक्षणे स्थिर राहायला हवीत. वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता. या तीन कसोट्यांसाठी झाडाची ठरावीक लक्षणे एका क्रमाने नोंदवली जातात.

त्यात झाडाची उंची आणि ठेवण येते. पानाची लांबी-रुंदी, खाचांची खोली, कडेचे दाते, तळाचा आकार येतो. स्तबकाचा वर्ग, व्यास, एका फांदीवरील संख्या येते. किरणपुष्पकांच्या ओळी किती, त्यांची लांबी किती, टोक कसे, कडा आत वळलेल्या की बाहेर, आतल्या व बाहेरच्या बाजूचा रंग कोणता, मधली चकती दिसते की नाही, फुलण्याचा काळ कोणता, हेही येते. प्रत्येक लक्षण सर्वांत जवळच्या जुन्या जातीशेजारी, त्याच वाफ्यात, त्याच दिवशी मोजायचे असते. शेजारी जुनी जात नसेल तर ‘वेगळी’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

सर्वांत अवघड रंग. मराठी बाजारात पिवळ्याच्या छटांना हळदी, लिंबू, केतकी, सोनेरी अशी सुंदर नावे आहेत. पण ठाण्याची हळदी आणि साताऱ्याची हळदी एकच असेल याची खात्री कोण देणार? यासाठी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा रंगतक्ता वापरतात. तो १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत ९२० रंग आहेत. पट्ट्यांचे गट, गटांत क्रमांक आणि प्रत्येक क्रमांकाच्या चार छटा. मोजणी थेट उन्हात करत नाहीत, दिवसाच्या सौम्य उजेडात करतात. पट्टीतील भोकाखाली पाकळी धरून तिचा रंग जुळवायचा आणि क्रमांक लिहायचा. पूर्ण उमललेल्या ताज्या फुलाचाच रंग घ्यायचा, कारण अनेक शेवंती कोमेजताना गुलाबी किंवा फिकट होत जातात. क्रमांकात हळदीचा गंध नाही, हे खरे. पण टोकियोतला किंवा लखनौतला माणूस त्या क्रमांकावरून तोच रंग डोळ्यांसमोर आणू शकतो.

नावाचेही नियम आहेत. लागवडीखालील वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता पहिल्यांदा १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार जातीचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहितात. १ जानेवारी १९५९ पासून दिलेले नाव लॅटिन असू नये, ते प्रचलित भाषेतील असावे. मराठी नाव त्यामुळे पूर्णपणे चालते. मात्र ते नाव आधीच्या शेवंतीला दिलेले नसावे आणि त्यासोबत तारीख असलेल्या प्रकाशनात वर्णन छापलेले असावे. वर्णनाशिवाय नुसते नाव प्रस्थापित होत नाही. तोंडी चालणारी बाजारनावे आणि शास्त्रीय नावे यांच्यातील सीमारेषा इथे आहे.

हक्काचा कायदा आणि दादाजींची आठवण

भारतात या वर्णनाला कायद्याचे बळ मिळाले ते वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ मुळे. त्याखालील प्राधिकरण नोव्हेंबर २००५ मध्ये नवी दिल्लीत स्थापन झाले. नव्या वाणाची नोंदणी करण्यासाठी वरील तीन निकषांबरोबर नावीन्य हा चौथा निकष आहे. अर्ज करण्यापूर्वी भारतात एक वर्षाहून अधिक काळ तो वाण विकलेला नसावा. नोंदणी झाल्यास शेवंतीसारख्या पिकाला सुरुवातीला ६ वर्षे आणि नूतनीकरणानंतर एकूण १५ वर्षे संरक्षण मिळते. या काळात वाणाची रोपे तयार करून विकण्याचा अधिकार पैदासकाराचा. पैदासकार म्हणजे संस्थाच असायला हवी असे नाही, व्यक्ती किंवा शेतकरीही चालतो. शेतकऱ्यांना कार्यवाहीच्या शुल्कातही सूट आहे.

कायद्याची दुसरी बाजूही महत्त्वाची आहे. नोंदणीकृत वाण संशोधनासाठी, नव्या संकरासाठी वापरण्याची मुभा आहे. शेतकऱ्याला आपल्या शेतातील बियाणे वा लावणीचा माल राखणे, वापरणे, देवाणघेवाण करणे आणि विकणे याचा हक्क आहे, फक्त ते संरक्षित वाणाच्या नावाने, वेष्टनबंद करून विकता येत नाही. आणि संरक्षित वाणावर आलेली स्पोर्ट ही ‘मूलतः व्युत्पन्न’ ठरू शकते. म्हणजे फांदी आपल्या कुंडीत आली, तरी ती बाजारात नेण्याआधी मूळ पैदासकाराची संमती लागू शकते. त्यामुळे मूळ रोप कोणत्या जातीचे, कुठून घेतले याची नोंद पहिल्या दिवसापासून हवी.

ही नोंद नसली की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे, पण ते फुलाचे नाही, भाताचे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या शेतातील ‘पटेल-३’ भातात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवड केली आणि बारीक, चवदार दाण्याचा भात तयार केला. त्याला नाव पडले ते बाजारात, त्या काळच्या लोकप्रिय मनगटी घड्याळावरून, ‘एचएमटी’. तांदूळ विदर्भाबाहेर दूरवर पोहोचला. पुढे दादाजींचा गौरव झाला, आणखी वाणही त्यांनी काढले, पण त्या प्रसाराच्या मानाने त्यांच्या हाती फार थोडे आले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेही हलाखीच्या परिस्थितीत. १९८३ मध्ये त्यांच्या लोंब्यांना संरक्षण देणारा कायदाच देशात नव्हता. आज तो आहे. त्याचा उपयोग करून घेण्यासाठी मात्र वर्णन आणि तारीख असलेली वही लागते.

कुंडीत वेगळी फांदी दिसली तर

ठाणे-डोंबिवलीतील हौशी माळ्यासाठी या सगळ्याचे व्यावहारिक सार सोपे आहे. वेगळ्या रंगाची फांदी दिसताच तिला दोरा बांधावा आणि दिवसाच्या सौम्य उजेडात, मूळ रंगाच्या फुलाशेजारी ठेवून तारखेसह छायाचित्र घ्यावे. त्या फांदीवरील फूल खुडून टाकावे आणि बाकीच्या फांद्या छाटाव्यात, म्हणजे खालच्या डोळ्यांतून फूट येते. ती फूट वाळूत छाट म्हणून रुजवावी. बुंध्याशी येणाऱ्या काश्यांवर विसंबू नये, कारण त्या बहुधा मूळ रंगाच्याच असतात.

उन्हाळ्यात मातृवृक्ष अर्धसावलीत जगवावेत. जून-जुलैत पुन्हा छाट लावावेत, पावसात कुंडीत पाणी साचू देऊ नये, ऑगस्टमध्ये शेंडे खुडावेत आणि ऑक्टोबरपासून रात्रीच्या दिव्यापासून कुंड्या दूर ठेवाव्यात. नोव्हेंबर ते जानेवारीत फूल आले, की पुन्हा मोजमाप. मूळ जातीची निदान दोन-तीन झाडे शेजारी हवीतच. असे सलग तीन हंगाम फूल तसेच आले, तर मग तज्ज्ञांकडे जाण्याइतका पुरावा हाती जमतो. तोपर्यंत रोपे विकू नयेत. कौतुकाने वाटायची झाली, तरी कोणाला आणि कधी दिली ते लिहून ठेवावे.

ठाणे महापालिकेचे वृक्ष प्राधिकरण ‘वृक्षवल्ली’ हे झाडे-फुलांचे प्रदर्शन भरवत आले आहे. मुंबईत राणीच्या बागेत आणि पुण्यात एम्प्रेस गार्डनमध्येही हिवाळ्यात फुलांची प्रदर्शने होतात. तिथे मांडलेली शेवंती तज्ज्ञांच्या नजरेस पडते, जवळच्या जातींशी तुलना होते आणि ‘ही तर जुनीच आहे’ हे स्पष्ट शब्दांत कळण्याचीही सोय होते. हे कळणेही तितकेच उपयोगाचे. नव्या म्हणून आणलेल्या अनेक जाती जुन्याच, फक्त पाटी हरवलेल्या निघतात.

पुढच्या मार्गशीर्षात कल्याणच्या बाजारात पुन्हा ढीग लागतील आणि झिपरी, राजा, रतलाम ही नावे पुन्हा कानांवर पडतील. त्या प्रत्येक ढिगामागे कधी तरी कुणी तरी एक वेगळे झाड ओळखले, ते उपटले नाही, वाढवले आणि शेजाऱ्याला दिले. ते नसते तर हे फूल बाजारात आलेच नसते. पुढचे वेगळे झाड ज्याला दिसेल, त्याच्या हाती मात्र आता खुरप्याबरोबर फूटपट्टी आणि तारीख घातलेली वहीही असायला हवी.